सिएनाचा सार्वजनिक वाडा

इतिहासाच्या अभ्यासकास राजवाडे पाहण्याचा योग वारंवार येतो, आणि बहुतेक राजवाड्यांची कथा शेवटी एकच असते. ज्या वंशासाठी वाडा बांधला तो वंश संपतो, आणि त्याबरोबर वाड्याचे कामही संपते. पुढे तेथे एक तर संग्रहालय भरते, नाही तर वटवाघळे राहतात. भिंती उभ्या असतात, पण ज्या हेतूने त्या उभारल्या तो हेतू कधीच निघून गेलेला असतो. सातशे वर्षांपूर्वी बांधलेला आणि ज्या कामासाठी बांधला त्याच कामी अजूनही असलेला वाडा जगात विरळाच. इटलीच्या तुस्कानी प्रांतात, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस, सिएना नावाच्या डोंगरी शहरात असा एक वाडा आहे. तेथील भाषेत त्याचे नाव ‘पालात्सो पुब्लिको’, म्हणजे शब्दशः ‘सार्वजनिक वाडा’. शहराची नगरपालिका आजही याच वाड्यात आहे. हा वाडा आम्ही पाहिला. त्याच्या सौंदर्याविषयी प्रवाशांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आम्हांस मात्र एका वेगळ्याच प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. ज्या वास्तूला धनी म्हणून कोणी एक माणूस नाही, ती इतकी शतके टिकली कशाने? आणि जे टिकावे म्हणून ती बांधली गेली, ते सारे टिकले काय?

सिएना तीन डोंगरधारांवर वसले आहे. या तीन धारांवरच्या वस्त्या म्हणजे शहराचे तीन भाग, आणि त्यांस आजही ‘तेर्झी’, म्हणजे तिसरे हिस्से, असेच म्हणतात. उत्तर युरोपातून रोमला जाणारा यात्रेचा मार्ग या शहरातून जाई. त्या मार्गाने व्यापार आला, व्यापारामागून सावकारी आली, आणि तेराव्या शतकात सिएनाच्या पेढ्यांचे नाव युरोपभर झाले. ज्या घराण्यांनी हा पैसा मिळवला त्यांनी शहरात किल्ल्यासारखी घरे बांधली. पण खुद्द नगरशासनास स्वतःचे घर नव्हते. नगराची महासभा सान क्रिस्तोफोरोच्या देवळात भरे, आणि अधिकाऱ्यांसाठी सरदार घराण्यांची घरे भाड्याने घ्यावी लागत. ज्याच्या घरात भाड्याने राहायचे, त्याच्याविरुद्ध प्रसंगी निवाडा द्यायचा, ही स्थिती कोणत्याही शासनास अवघडच. म्हणून १२९७च्या सुमारास नव्या वाड्याचे काम सुरू झाले. जागा निवडली ती तिन्ही डोंगरधारा जेथे एकत्र येतात त्या उतारावरची. तेथे जकातीची जुनी इमारत होती, तिच्यावरच नवे बांधकाम चढवले गेले. ही जागा तिन्ही भागांच्या मध्ये होती आणि कोणत्याही एका भागाची नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १३१०मध्ये राज्यकर्ते नव्या वाड्यात राहावयास आले.

वाड्यासमोरच्या चौकास ‘काम्पो’ म्हणतात. आकार शिंपल्यासारखा, आणि सारी जमीन वाड्याकडे उतरत गेलेली. पावसाचे पाणी जसे वाहत जाऊन वाड्याच्या पायाशी जमते, तसेच चौकात शिरणारे माणूसही नकळत वाड्याकडेच ओढले जाते. विटांची फरसबंदी १३४९मध्ये पुरी झाली. पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग पाडले आहेत. या नऊ आकड्याचे मर्म पुढे येईलच. भोवतालच्या घरांच्या खिडक्या वाड्याच्या खिडक्यांशी जुळत्या असाव्यात, असा ठराव नगराने १२९७मध्येच करून ठेवला होता. वाड्याची दर्शनी बाजू खाली दगडाची आणि वर तांबूस विटांची असून चौकाच्या आकारास अनुसरून किंचित आत वळलेली आहे. डाव्या कोपऱ्यास सुमारे ८७ मीटर उंचीचा मनोरा आहे. १३२५ ते १३४८ या काळात त्याचे काम चालले. मनोऱ्याचे नाव ‘मांजा’. त्यावरची घंटा वाजवण्याच्या कामी पूर्वी एक गृहस्थ होता, तो मिळेल तेवढे खाऊन फस्त करणारा म्हणून लोकांनी त्याला ‘मिळकतखाऊ’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते, आणि त्याचेच संक्षिप्त रूप मनोऱ्यास चिकटले. मनोरा बांधवणाऱ्या कारभाऱ्यांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत, आणि घंटेवाल्याचे टोपणनाव मात्र साऱ्या जगास ठाऊक आहे. सार्वजनिक वाड्याला हे शोभूनच दिसते.

वाडा बांधला तेव्हा सिएनावर ‘नऊ जणां’चे राज्य होते. १२८७ ते १३५५ अशी अडुसष्ट वर्षे ही राजवट चालली. राज्य कोणी एक माणूस किंवा एक कुळ करीत नसे. मध्यम व्यापारी वर्गातून नऊ पुरुष निवडले जात, आणि त्यांची मुदत असे अवघी दोन महिन्यांची. त्या दोन महिन्यांत त्यांनी घरदार सोडून वाड्यातच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे, तेथेच निजावयाचे. मुदत संपली की त्या माणसाने पुन्हा पुढचे वीस महिने त्या पदावर यावयाचे नाही. वाड्याच्या उजव्या अंगास या नऊ जणांचा मुक्काम. डाव्या अंगास ‘पोदेस्ता’ नावाचा मुख्य न्यायाधिकारी राही. हा पोदेस्ता मुद्दाम परगावचा माणूस आणलेला असे, कारण गावातल्या माणसास गावातले नातेगोते सुटत नाही. त्याची मुदतही थोडी, आणि ती संपल्यावर त्याच्या कारभाराची रीतसर चौकशी झाल्यावाचून त्याची सुटका नसे. सारांश, ज्यांच्या हाती सत्ता होती ते सर्व या वाड्यात बिऱ्हाडकरू होते. राजाच्या वाड्यात राजा धनी आणि प्रजा पाहुणी. येथे धनी कोण हे भिंतीवर लिहिलेले नव्हते, पण राहणारा धनी नाही एवढे त्याला दर दोन महिन्यांनी आपले सामान बांधताना नक्की कळत असे.

या व्यवस्थेची दोन अंगे आम्हांस फार मोलाची वाटतात. पहिले हिशेबाचे. नगराच्या खजिन्यास ‘बिक्केर्ना’ म्हणत. तेथील खजिनदार पुष्कळदा जवळच्या मठातला साधू नेमला जाई. ज्याला बायकामुले नाहीत, त्याला पैशाचा लोभ कमी, हा त्यामागचा साधा हिशेब. दर मुदतीच्या अखेरीस हिशेबाची वही बंद करून तिला लाकडी फळ्यांचे आवरण घालीत, आणि त्या फळीवर चित्र काढवून घेत. तेराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या अशा चित्रित फळ्या सिएनाच्या दफ्तरखान्यात आजही पाहावयास मिळतात. जमाखर्चाच्या वहीस देवघरातल्या वस्तूसारखे सजवणारे दुसरे शहर आमच्या पाहण्यात नाही. दुसरे अंग कायद्याचे. त्या काळी कायदे लॅटिनमध्ये लिहीत. ते पंडितांना व वकिलांनाच कळत. सिएनाच्या शासनाने १३०९-१० या वर्षांत ‘कोस्तितूतो’ हा आपला कायदेसंग्रह लोकांच्या बोलीत उतरवून घेतला. तो चांगल्या चर्मपत्रावर, मोठ्या व सुवाच्य अक्षरांत लिहावा, आणि गरीब माणसांस व ज्यांस लॅटिन येत नाही त्यांस तो पाहता यावा व त्याची नक्कल करून घेता यावी, असा स्पष्ट हुकूम होता. लोकांच्या भाषेत कायदा ठेवणे हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. ज्याला कायदा वाचता येतो, त्यालाच तो मोडल्याची तक्रार करता येते.

वरच्या मजल्यावर गेले की प्रथम महासभेचे दालन लागते. त्याचे नाव ‘जगाच्या नकाशाचे दालन’. आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३४५मध्ये येथे एक मोठा फिरता गोल नकाशा केला होता. नकाशा नाहीसा झाला आहे, पण तो फिरताना भिंतीवर उमटलेले वर्तुळाकार ओरखडे तेवढे राहिले आहेत. त्याच भिंतीवर, ओरखड्यांच्या वर, घोड्यावर बसलेल्या एका सेनापतीचे चित्र आहे. १३२८मध्ये सिएनाने जिंकलेल्या एका किल्ल्याचे ते स्मारक. ते सिमोने मार्तिनीने काढले की दुसऱ्या कोणी, यावर १९७०च्या दशकापासून पंडितांचा वाद चालू आहे. समोरच्या भिंतीवर मात्र सिमोने मार्तिनीचे १३१५चे निर्विवाद चित्र आहे. त्यात सिएनाची आराध्यदेवता कुमारी मेरी छत्राखाली सिंहासनावर बसली असून भोवती संत व देवदूत आहेत. चित्राखाली काही पद्यपंक्ती आहेत, आणि त्यांत प्रत्यक्ष मेरी सभासदांना बजावते की, जे बलवान दुर्बलांस छळतात आणि जे माझ्या भूमीला फसवतात, त्यांच्यासाठी तुम्ही केलेल्या प्रार्थना मला पोचत नाहीत. या दालनात बसून कराचे, युद्धाचे आणि तहाचे ठराव होत. ठरावास हात वर करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे शब्द असत.

या दालनाला लागूनच नऊ जणांच्या बैठकीची खोली आहे. एका बाजूस खिडकी, आणि उरलेल्या तिन्ही भिंती लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये चितारल्या आहेत. आज ही चित्रे ‘सुराज्य आणि कुराज्य’ या नावाने ओळखली जातात, पण हे नाव मागाहूनचे. पंधराव्या शतकात सिएनाचे प्रवचनकार संत बेर्नार्दिनो यांनी आपल्या प्रवचनांत यांचा उल्लेख केला, तो ‘शांती’ आणि ‘युद्ध’ या नावांनी.

खिडकीसमोरच्या भिंतीवर सुराज्याची मूर्तिमंत कल्पना आहे. उजवीकडे सिंहासनावर एक वृद्ध पुरुष बसला आहे. त्याची वस्त्रे सिएनाच्या ध्वजाच्या, म्हणजे काळ्या व पांढऱ्या रंगांची. हा कोणी राजा नसून नगराचे सामाईक हित आहे. त्याच्या शेजारी सद्गुणांच्या स्त्रीमूर्ती बसल्या आहेत. त्यांतली शांती पांढऱ्या वस्त्रात, चिलखतावर रेलून, हाती ऑलिव्हची डहाळी घेऊन निवांत बसली आहे. डावीकडे न्यायदेवता. तिच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या निघतात, आणि खाली बसलेल्या ‘कोन्कोर्दिया’ या एकोप्याच्या देवतेच्या हातात येऊन एक होतात. इटालियनमध्ये दोरीला ‘कोर्दा’ म्हणतात, तेव्हा येथे शब्दावर कोटीही साधली आहे. या देवतेच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचसखल असेल ते तासून सपाट करणे हे तिचे काम. तिच्या हातून ती दोरी चोवीस नागरिकांच्या हातांत जाते, आणि त्यांच्या हातांतून पुढे सिंहासनावरच्या वृद्धापर्यंत पोचते. दोरीचा हा प्रवास ध्यानात घ्यावा. ती न्यायापासून निघते, एकोप्यातून आणि नागरिकांच्या हातांतून जाते, आणि सर्वांच्या शेवटी सत्तेला मिळते. ती धरून कोणी कोणाला ओढीत नाही, आणि कोणी ती सोडीतही नाही.

उजवीकडच्या सुमारे १४ मीटर लांबीच्या भिंतीवर सुराज्याचे फळ दाखवले आहे. परांचीवर चढून गवंडी घर बांधीत आहेत, जोड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आले आहे, गुरुजी मुलांस शिकवीत आहेत, चौकात काही मंडळी हातात हात घालून नाचत आहेत. वेशीबाहेर शेतकरी नांगरतो आहे, मळणी चालली आहे, खेचरांवर माल लादून व्यापारी गावाकडे येत आहेत. नगर आणि शेतशिवार या दोहोंना एकच भिंत दिली आहे, आणि मधली वेस उघडी आहे. त्याच्यासमोरची भिंत कुराज्याची. काळाने ती पुष्कळ झिजवली आहे. तेथे शिंगे व सुळे असलेली जुलमाची मूर्ती बसली असून न्यायदेवता तिच्या पायांशी बांधून टाकलेली आहे. जुलमाच्या साथीदारांत ‘दुही’ आहे. तिच्या वस्त्रावर एका अंगास ‘होय’ व दुसऱ्या अंगास ‘नाही’ असे लिहिले आहे, आणि ती करवतीने स्वतःलाच कापते आहे. एकोप्याच्या मांडीवर रंधा आणि दुहीच्या हाती करवत. दोन्ही सुतारकामाचीच हत्यारे. या नगरात एकच धंदा तेजीत दिसतो, तो शस्त्रे घडवणाऱ्या लोहाराचा. शेते ओस पडली आहेत आणि आकाशात ‘भय’ तरंगते आहे. नऊ जणांपैकी कोणी कोठेही बसला, तरी त्याला या दोन भिंतींच्या मध्येच बसावे लागे. आपल्या ठरावाचे पर्यवसान कोणत्या भिंतीवर होणार, हे त्याला मान वळवून पाहता येत होते.

येथवर वाचून कोणास वाटेल की सिएनात रामराज्यच होते. तसे समजणे इतिहासास धरून होणार नाही. सुराज्याच्या वेशीवर जी अभयाची देवता उडताना दाखवली आहे, तिच्या हातात फाशी दिलेल्या माणसासकट एक वधस्तंभ आहे. ती शांतीही धाकाशिवाय उभी नव्हती. त्याहून महत्त्वाचे हे की, चित्रातली दोरी चोवीस जणांच्या हाती असली, तरी प्रत्यक्ष सत्तेची दोरी फार थोड्यांच्या हाती होती. सरदार घराणी नऊ जणांच्या पदापासून वगळली होती, तसेच वकील आणि वैद्यही. सामान्य कारागिरास तर ते दार बंदच होते. माणसे दर दोन महिन्यांनी बदलत, पण ती बदलत एकाच वर्तुळातून. मुदत लहान होती, वर्तुळही लहान होते. बिऱ्हाडकरू पाळीपाळीने येत, आणि ते एकमेकांस ओळखत असत.

१३४८मध्ये प्लेगची महामारी आली. अनेक इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे शहरातले निम्म्याहून अधिक लोक मेले. आन्योलो दि तूरा या बखरकाराने आपली पाच मुले आपल्याच हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. चित्रकार लोरेन्झेत्तीही बहुधा याच साथीत गेला. शहराने मोठ्या उमेदीने आरंभलेला मुख्य चर्चचा विस्तार थांबला, आणि त्याच्या अर्धवट भिंती आजही तशाच उभ्या आहेत. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेले छोटे देऊळ महामारीतून वाचलेल्यांनी नवसाप्रमाणे बांधले. पुढे १३५५च्या मार्चमध्ये सम्राट चौथा चार्ल्स राज्याभिषेकासाठी रोमला जाताना सिएनात उतरला, तेव्हा वगळलेले सरदार आणि वगळलेले कारागीर एकत्र उठले आणि नऊ जणांचे राज्य संपले. ज्यांच्या हाती दोरी दिली नव्हती, त्यांनीच ती तोडली. चित्राने सांगितलेले खरे ठरले, पण ज्यांनी ते चित्र पैसे देऊन काढवले त्यांच्यावरच ते उलटले.

यापुढची दोनशे वर्षे सिएनाने अनेक राजवटी पाहिल्या, पण नगर बहुतेक काळ स्वतंत्र राहिले आणि वाडा नगराचाच राहिला. १५२९ ते १५३५ या काळात बेक्काफूमी या चित्रकाराने वाड्यातल्या एका दालनाच्या छतावर प्राचीन लोकशासनांतील कर्तव्यनिष्ठेचे प्रसंग रंगवले. ते रंग चढून वीसच वर्षे झाली, तोच १५५५मध्ये सव्वा वर्षाच्या वेढ्यानंतर उपासमारीने गांजलेले सिएना स्पेनच्या व फ्लॉरेन्सच्या फौजांना शरण गेले. दोन वर्षांनी शहर फ्लॉरेन्सच्या कोझिमो दे मेदिचीच्या हाती आले. १५६०मध्ये वाड्यातील महासभेच्या मोठ्या दालनाचे नाट्यगृह करण्यात आले. जेथे नागरिक वाद घालीत, तेथे ते आता प्रेक्षक म्हणून बसू लागले. परकी सत्तेने वाडा पाडला नाही की जाळला नाही. सभागृहाचे नाट्यगृह करणे तिला पुरेसे झाले. स्वातंत्र्य जाण्याची याहून मुकाट रीत आम्हांस माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकात इटली एक झाली. त्या घटनेचे स्मारक म्हणून वाड्यातलेच एक दालन इटलीचा पहिला राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या चरित्रातील प्रसंगांनी रंगवले गेले. आज वाड्याच्या वरच्या मजल्यावर नगराचे संग्रहालय आहे, आणि त्याच छपराखाली महापौरांचे कार्यालय व नगरसभेच्या बैठकी चालतात. दर वर्षी २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशी काम्पोमध्ये ‘पालिओ’ची प्रसिद्ध घोडशर्यत होते, तेव्हा सतरा मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे पोदेस्ताच्या त्याच जुन्या चौकातून बाहेर पडतात. नाट्यगृह अद्याप आहेच, पण आता शहराने निवडून दिलेली सभाही आहे, आणि तीत बसण्यास सरदार, कारागीर, पुरुष, स्त्री असा भेद उरलेला नाही. नऊ जणांनी जे दार बंद ठेवले होते, ते उघडण्यास अनेक शतके लागली.

वाड्याच्या मागच्या बाजूस सर्वांत वर एक उघडा सज्जा आहे. तेथे उभे राहिले की खाली जुन्या बाजाराचा चौक, त्यापलीकडे मळे, आणि त्याहीपलीकडे लाटांसारख्या टेकड्या दिसतात. लोरेन्झेत्तीने भिंतीवर चितारलेले शिवार ते हेच. राज्यकर्त्यांनी चित्रावरून नजर काढून सज्जात यावे आणि चित्र खरे उतरले की नाही हे स्वतः पाहावे, एवढी सोय या वाड्यात आहे. आरंभी आम्ही विचारले होते की हा वाडा टिकला कशाने. आमच्या मते, त्यात राहणाऱ्याला तो आपला म्हणता आला नाही, म्हणून तो टिकला. हिशेबाची वही, लोकभाषेतला कायदा, थोडी मुदत आणि मुदतीनंतरची चौकशी यांनी त्याचे सार्वजनिकपण राखले. जे टिकले नाही, ते दोरी थोड्याच हातांत राहिल्यामुळे टिकले नाही. चित्रकाराने दोरी एकदा रंगवली आणि तो गेला. ती धरून ठेवण्याचे काम मात्र त्या त्या पिढीच्या नागरिकांकडे राहिले आहे, आणि ते कोणत्याही वाड्याच्या भिंतींवर सोपवता येण्याजोगे नाही.